सात नंबरची बोअर

३ मार्च, सोमवार

कोअर शेडमध्ये पहिला दिवस. चार हजार पेट्या! जमिनीतून काढलेले दगडाचे गोल दांडे त्यांत ओळीने झोपवलेत. तीस वर्षांत कुणी हाक मारलेली नाही त्यांना. या डोंगराखाली तांबं-सोनं शोधायला तीन कंपन्या आल्या आणि हात हलवत परत गेल्या. आमची चौथी. साहेब म्हणाले, "अहवालाचं पहिलं प्रकरण तुमचं. आधी कुणी काय शोधलं, कुठे चुकलं." म्हणजे इतिहास. म्हणजे आमचे बाबा!

४ मार्च

दगडावर पाणी मारलं की तो जागा होतो. राखाडी दांड्यात एकदम पिवळी शीर उमटते, तिच्या कडेला मोरपंखी चकाकी. कधीतरी उकळतं पाणी या फटीतून वर चढलं, जाता जाता तांबं आणि कणभर सोनं ठेवून गेलं. बघायला कुणीच नव्हतं तेव्हा. एका पेटीसमोर दीड तास बसले. डबा तसाच राहिला.

७ मार्च, शुक्रवार

आज सात नंबरच्या पेट्या उघडल्या. बाबांची बोअर. दुसऱ्या कंपनीचे भूवैज्ञानिक तेच. जागा त्यांनी हेरली, दिशा त्यांनी ठरवली, चारशे मीटर बोअर तिरपी मारली — निघाला कोरा दगड. जुन्या अहवालात त्यांचंच अक्षर: "ड्रिलरच्या निष्काळजीपणामुळे बोअर वाकली."

एवढी एक ओळ. तिच्यापायी ड्रिलरकाकांची नोकरी गेली, पुन्हा कुणी रिगवर, बोअर मारायच्या यंत्रावर, उभं केलं नाही. आता आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पंप दुरुस्त करतात. बाबा लांबच्या रस्त्याने जातात.

पूर्वी दर रविवारी यायचे काका. मला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "चल, तुला डोंगराच्या पोटात नेतो." मी खरंच चप्पल घालून तयार व्हायची.

९ मार्च, रविवार

घरी. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत. समोर नुसती गच्ची आणि वाळत घातलेले कपडे, पण त्यांना डोंगरच दिसत असणार. "आहे गं खाली. जरासं बाजूला आहे." आई आतून ओरडली, "यांचा संसार तिकडेच. आमच्याकडे पाहुणे म्हणून येतात!" सगळे हसलो. बाबा जरा कमी हसले.

१२ मार्च, बुधवार

सात नंबरच्या जुन्या बोअरमध्ये आज जायरो सोडला — बोअर कुठून कुठे गेली ते दाखवणारं यंत्र. स्क्रीनवर रेघ उतरत गेली. सरळ! सुतात गेलीय. वाकलीबिकली काही नाही.

फक्त तोंडापासूनच चोवीस अंश भलतीकडे. बाबांनी हेरलेल्या साठ्यापासून ऐंशी मीटरवरून निघून गेली. झोपेतल्या माणसाच्या उशाजवळून जावं तशी.

१३ मार्च

काकांच्या दुकानात गेले. हात ग्रीसने काळे, केस सगळे पांढरे. रिग कशी लावली होती, विचारलं.

"तुझ्या बाबांनी होकायंत्र बघून दोन खुंट्या ठोकल्या. मी रिग त्या रेषेत लावली. माझं काम सरळ मारायचं. सरळच मारली गं."

मी म्हटलं, "माहितीये, काका."

त्यांनी पंपाचा एक नट आवळला. मग म्हणाले, "त्याची तब्येत बरी आहे ना?"

रस्ताभर रडले.

१४ मार्च, शुक्रवार

होकायंत्र घेऊन बोअरच्या जागी गेले. काटा गरगरला, मग आरामात भलत्याच दिशेला जाऊन बसला. इथला दगड चुंबकाने भरलाय. दहा पावलं सरकलं की उत्तर दिशाही सरकते! उन्हात उभी राहून तेच बघत बसले, कितीतरी वेळ. डोंगराने बाबांना फसवलं. रागही येईना त्याचा.

१५ मार्च

चूक बाबांची, हे लिहायचं? सत्तरी ओलांडलीय त्यांनी. नाही लिहिलं तर काका छापील कागदावर कायमचे निष्काळजी. साहेबांना सोमवारी प्रकरण हवंय.

लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी जोडलं: "ही चूक त्या वेळी कुणाच्याही लक्षात आली नाही." तेवढंच पांघरूण बाबांवर. उद्या आधी त्यांना दाखवणार.

१६ मार्च, रविवार

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. पेन मागितलं. माझी शेवटची ओळ खोडली.

म्हणाले, "आली होती, माझ्या लक्षात. त्याच आठवड्यात. अहवाल पाठवायच्या आधी."