ज्वालाक्षाचा जीव

जोगेश्वरी (पूर्व), मुंबई

सन्माननीय व्याही अनंतराव इंगोले गुरुजी यांना धोंडिराम सोनकांबळे याचा सविनय जयभीम.

आपला गुडघा, आपला चष्मा आणि आपल्या घरामागची विहीर, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (विहिरीला कठडा बांधून घेतलात का? मागच्या पत्रातही विचारलं होतं.) इकडे सगळे बरे आहेत. मीही तसा बराच आहे, पण बरा आहे असं लिहिलं की लगेच काहीतरी होतं, म्हणून तेवढं मोघम ठेवतो. माझ्या मागच्या पत्रातल्या चुकांना लाल गोल करून आपण ते परत पाठवलंत, त्याचा मला राग आला नाही. सातवी शिकलेल्या माणसाच्या पत्राला निवृत्त मुख्याध्यापकाने हात लावला हाच मान. हे पत्र मात्र कृपया परत पाठवू नये. का ते पुढे येईलच.

फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक नळ. मी हॉलमध्ये बोललो की स्वयंपाकघरातून उत्तर येतं. व्हॉट्सॲपवर एकदा आपल्याला खासगी म्हणून लिहिलेला मजकूर ‘सोनकांबळे परिवार’ या ग्रुपवर गेला आणि पार परभणीपासून बद्धकोष्ठावरचे उपाय आले. तेव्हापासून खासगी गोष्ट मी कागदावरच लिहितो.

तर गोष्ट आपल्या नातीची, संघमित्राची. ती मरोळच्या एका विमा कचेरीत कामाला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मला आता वाटू लागलंय की तो तिचा जोडधंदा आहे. खरा धंदा कादंबऱ्यांचा. तिच्या ‘शिलापुरी’चे दोन भाग छापून आले, आपल्यालाही पाठवले, आपण सवडीने वाचतो म्हणालात. (नसतील वाचले तर काही हरकत नाही. उलट बरंच.) त्यात जादू असते आणि प्रेम असतं, जादू दमली की प्रेम सुरू होतं, प्रेम दमलं की पुन्हा जादू. शिलापुरी नावाचं डोंगराच्या पोटातलं राज्य, तिथली राजकन्या, तिच्यावर जीव टाकणारा नीलनख नावाचा राजपुत्र, आणि त्या दोघांना पाठीवर घेऊन उडणारी बेस्टच्या बसएवढी एक घोरपड, तिच्या तोंडातून जाळ निघतो. या घोरपडीचं नाव ज्वालाक्ष, घोरपड म्हटली तरी नर आहे. नाव लक्षात ठेवा.

लेखक लोक टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत लिहितात असा माझा समज होता. आपली नात पहाटे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून लिहिते. लॅपटॉप मिक्सरच्या शेजारी, दूध गॅसवर. राक्षसांची फौज हरते त्या दिवशी दूध हमखास उतू जातं. तलवारीचे हात ती लाटण्याने करून बघते. आपली मुलगी मीरा आता चपात्या करताना आपोआप खाली वाकते. रिक्षात बसून ही संवाद पुटपुटते. एकदा रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, किसको मारनेका है? पहले बोल दो, मैं छोटे बच्चे वाला आदमी है.” आणि मधूनच मला प्रश्न. “आबा, तुम्हाला पंख असते तर आपल्या बाथरूमच्या दारातून कसे गेला असता?” लेकराने विचारलं तर मोठ्या माणसाने नीट उत्तर द्यावं, म्हणून मी सांगितलं, आडवा जाईन, पण आधी कडी आतून अडकत नाही ना ते बघीन. मीही तिला विचारलं, तोंडात जाळ असताना ताक प्यायचं कसं? जाळ विझला तर पुन्हा पेटवायला काडेपेटी कोण देणार? ती म्हणाली, “थांबा, थांबा,” आणि तळहातावर पेनाने काहीतरी लिहून घेतलं. (शाई रक्तात जाते असं मी ऐकलंय. तेही सांगितलं. तेही तिने लिहून घेतलं.)

मी तिला पहिल्यापासून सांगत आलो की हे सोड, बँकेची परीक्षा दे. असलं काही मी वाचत नाही, असं मी चारचौघांत सांगून ठेवलंय. खरं आपल्यालाच सांगतो. दोन्ही भागांना मी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलंय, वर ‘मधुमेह आणि आहार’ असं लिहिलंय, आणि ओळीखाली बोट धरून दोन्ही वाचले. दुसरा दोनदा.

वाचता वाचता काळजी लागली. माणूस अनुभवाशिवाय लिहीत नाही असं आपणच एकदा विहारातल्या भाषणात म्हणाला होतात. मग हे प्रेम ही कुठे बघून लिहिते? रविवारी ती जोगेश्वरीच्या लेण्यात जाते. “तिथे सुचतं,” म्हणते. तुमच्या विहीणबाई म्हणाल्या, “सुचू दे की.” मी मात्र टॉर्च, पाण्याची बाटली आणि कानटोपी घेऊन मागे गेलो. लेण्यात गारवा, वर वटवाघळं, आणि आपली नात एका दगडी खांबाला हात लावून म्हणतेय, “तुला सोडून जाताना माझा अर्धा प्राण इथेच राहील रे.” मी पलीकडच्या खांबाआड. खांबामागे कोण आहे ते दिसेना, म्हणून मान पुढे काढली, तेवढ्यात वटवाघळाने माझ्या कानटोपीवर जे करायचं ते केलं आणि मला शिंक आली. ती वळून म्हणाली, “आबा, बरं झालं आलात. जरा तिकडे उभे राहा, राजपुत्राची उंची मिळत नाहीये.” खांबामागे कोणीच नव्हतं. पण गुरुजी, कोणी नसणं हा काही पुरावा नाही.

पुरावा मला लिफ्टमध्ये मिळाला. कादंबरीतल्या राजपुत्राची नखं जन्मापासून निळी आहेत. आमच्या बी विंगमधला सर्वेश मरोळच्या औद्योगिक वसाहतीत टी-शर्टवर छपाई करतो. त्याने लिफ्टचं बटण दाबलं आणि मी बघतच राहिलो. दहाही नखं निळी! मी मजला चुकलो, टेरेसवर जाऊन पोहोचलो.

आता आपली रीत आपल्याला माहीत आहे. मुलीचं नाव लोकांच्या तोंडी जायच्या आत घरातल्या मोठ्या माणसाने जाऊन मुलगा बघून यावा. तुमच्या विहीणबाईंनी यायला साफ नकार दिला (“कादंबरीतला मुलगा बघायला कोणी पेढे नेतं का?”), म्हणून पाव किलो पेढे घेऊन मी एकटाच गेलो. सर्वेशची आई पद्मजाबाई यांना वाटलं, मी सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहे. त्या म्हणाल्या, “मत तुम्हालाच, पण आधी आमच्या बाथरूमची गळती बघा.” गळती बघितली. (वरच्यांचा पाइप फुटलाय, मी सांगून ठेवलं.) मग बसून विचारलं, पगार किती, जागा स्वतःची का, सुपारी-तंबाखू काही? त्या गोंधळल्या. शेवटी मीच मोकळेपणाने म्हणालो, बाई, आमच्या पोरीने तुमच्या मुलाचं दोन पुस्तकं भरून वर्णन केलंय. काय वर्णन, असं त्यांनी विचारलं. मी पाठ होतं तेवढं सांगितलं: काळ्या कातळासारखी छाती, वादळासारखे केस, चालला की जमीन श्वास रोखते. त्याच वेळी सर्वेश हाफपँटवर, तोंडात ब्रश धरून मोरीतून बाहेर आला. पोरगा चांगला आहे, पण अंगाने उदबत्ती. पद्मजाबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “हा? कातळ?”

सर्वेशचं लग्न तेजल नावाच्या मुलीशी ठरलेलं आहे, पत्रिकाही त्यानेच छापल्यात (प्रत्येकीवर निळा अंगठा), हे मला नंतर कळलं. पेढे परत मागता येत नाहीत. गप्प बसला असता तर निभावलंही असतं, पण हा गडी खूश झाला. वाचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना “आपण राजपुत्र आहोत यार” सांगत सुटला, केस वाढवायला लागला. रविवारी तेजल आमच्या दारात हजर. संघमित्राला म्हणाली, “ताई, छातीबद्दल तू लिहिलंस ते तुला कसं माहीत?”

संघमित्रा आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली, ती थांबेचना. मग तिने तेजलला पंख्याखाली बसवलं आणि समजावलं. “अगं, याची फक्त नखं घेतलीत. लिफ्टमध्ये दिसली, आवडली, उचलली. बाकी सगळी उसनवारी. राग आमच्या आजीचा. चाल मरोळच्या एका ट्रॅफिक हवालदाराची. केस जाहिरातीतल्या घोड्याचे. छाती म्हणशील तर लेण्यातला खांब.” तेजलचं समाधान झालं. नखं तेवढी संघमित्राकडेच राहतील असं ठरलं, चहा झाला, मला लग्नाचं आमंत्रणही आलं. तेजल गेल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, राजपुत्रात आमचं काही नाही का? पोरगी म्हणाली, “आबा, तुम्ही राजपुत्रात मावला नसता.”

ते वाक्य डोक्यात घेऊन मी ‘मधुमेह आणि आहार’ पुन्हा उघडलं. ज्वालाक्ष ही घोरपड उडण्याआधी विचारते, “उतरायची जागा ठरली आहे का?” झोपण्याआधी आपला जाळ विझला का ते तीनदा बघते. गुहेच्या दारातून आडवी जाते. समुद्रावरून उडताना डोळे मिटते आणि पाठीवरच्यांना म्हणते, “मी घाबरलेलो नाही, तुम्ही घट्ट धरा.” इथपर्यंत मला काही वाटलं नाही, शहाणा प्राणी दिसतो, एवढंच मनात आलं. मग ते पान आलं. ज्वालाक्ष कात टाकतो, आणि ती कात फेकून न देता नीट चौकोनी घडी करून पंखाखाली ठेवतो, “कधी लागली तर.” गुरुजी, मी उठून माझी गादी उचलली. खाली प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, चौकोनी घडी घातलेल्या.

वाईट वाटलं का? पहिल्यांदा वाटलं. मग सगळी पानं पुन्हा वाचली. सगळं राज्य भित्रा म्हणून त्याला हसतं, पण राजकन्या कुठेही निघाली की तो आधी तयार असतो. घाबरत जातो, पण जातो. हे तिने कुठे बघितलं कोणास ठाऊक. तिच्या शाळेच्या सहलीच्या बसमागे मी एकदा रिक्षा घेतली होती, पण ते तिला माहीत नाही.

आणि आता जे झालंय ते ऐका. परवा ती प्रकाशकांकडच्या संपादकबाईंशी फोनवर बोलत होती (हॉलमध्ये, म्हणजे सर्वांनी ऐकण्यासारखं). म्हणाली, “हो, तिसऱ्या भागात ज्वालाक्षला मारायचं ठरलं. समुद्रात बुडवते. वाचक धाय मोकलून रडतील.” आणि त्याच श्वासात मला, “आबा, चहा ठेवू?”

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा. शकुन-अपशकुन आपण मानत नाही. तरीही येत्या गुरुवारी माझी हृदयाची तपासणी आहे आणि मी अंघोळीला बादलीऐवजी तांब्या वापरू लागलोय. खरं दुःख वेगळंच आहे. दोन भाग एवढं सांभाळून उडालेला जीव, त्याला असं पाण्यात घालवावं? निदान जमिनीवर तरी. मी तिला सांगू शकत नाही, कारण सांगायचं तर आधी वाचलं म्हणून कबूल करावं लागेल, आणि मग बँकेच्या परीक्षेचं कोणत्या तोंडाने बोलू?

असो. आपल्याला उगीच त्रास नको. आपण तब्येतीला जपावे, विहिरीकडे संध्याकाळनंतर जाऊ नये, आणि या वयस्कर व्याह्यावर लोभ आहे तेवढा ठेवावा.

आपला,
धोंडिराम सोनकांबळे

ता.क. त्रास नको म्हणालो खरं, पण एक काम आहे. अक्षरओळख तिला आपण सुटीत हिंगोलीला करून दिली. आपला, म्हणजे तिच्या नानांचा, शब्द ती मोडत नाही. आपण दोन्ही भाग वाचून, आपल्यालाच सुचलं असं दाखवून, तिला लिहावं की ज्वालाक्षाला जगवा. माझं नाव कुठेही नको.

पुन्हा ता.क. वाचताना पहिल्या भागात द्रोणगिरी नावाचे एक ऋषी येतील. न विचारता सल्ला देतात, आणि ऐन युद्धात सगळ्यांना थांबवून चष्मा पुसतात. त्यांना अजगर गिळतो. मनाला लावून घेऊ नये.

(पुढचं अक्षर वेगळं आहे.)

नाना, जयभीम. मी संघमित्रा. आबांनी पाकीट पेटीत टाकायला माझ्याचकडे दिलं. पत्र आतच आहे ना हे बघायला त्यांनी ते इतक्या वेळा उघडलं की गोंद संपला आणि पत्र माझ्या हातात पडलं. चुका मी पेन्सिलीने दुरुस्त केल्यात, लाल गोल करायचे कष्ट नकोत. संपादकबाईंना आत्ताच कळवलं की ज्वालाक्ष बुडत नाही. बुडायच्या आधी तो गुपचूप ऋषींना पत्र लिहितो. त्यासाठी ऋषींना अजगराच्या पोटातून बाहेर काढावं लागेल, तुमची हरकत नसावी, चष्म्यासकट काढते. फक्त आबांना एवढ्यात काही सांगू नका. काळजीत असले की ते फार सुंदर बोलतात, आणि माझी अजून चार प्रकरणं बाकी आहेत.