फंक्शनल म्हणजे चालू

आई, मराठीत लिहितेय, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही. तूच मला इंग्लिश मीडियमला घातलंस आणि वर गल्लीभर सांगत फिरलीस, त्यामुळे आता बोलायचं नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी सध्या इंटर्न आहे, म्हणजे डॉक्टर झालेय, पण कुणी अजून बसायला खुर्ची देत नाही असली डॉक्टर. गेला आठवडाभर मी ज्युनिअर पोरांसाठी एक टॉक बनवतेय. ‘बायपोलरच्या पेशंटचं पोट दुखतं तेव्हा’ असं नाव दिलंय. बत्तीस स्लाइड झाल्यावर रूममेट म्हणाली, "अगं ए, दहा मिनिटं दिलीत तुला, थोडं शांत घे." कुणी असं म्हटलं की मी लगेच शांत घेते आणि मग आरशात स्वतःला नीट बघते, हा माझा नुसता उत्साह आहे की तुझा वरचा गिअर. तू म्हणायचीस ना, माझ्या डोक्याला दोनच गिअर आहेत, मधला कंपनीनं दिलाच नाही. तर सगळ्या स्लाइड झाल्या, एक सोडून. तिच्यावर एकच शब्द टाकायचाय, आणि तो टाकला की पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून आधी तुला सांगते.

विश्रांतवाडीचं आपलं फॉल-पिकोचं दुकान आठव. दुकान कसलं, जिन्याखालची जागा, एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीवर दोऱ्याची रिळं. जयंतीच्या आधी पांढऱ्या साड्यांचा एवढा ढीग लागायचा की त्यामागे तू दिसायचीच नाहीस, नुसता आवाज यायचा. वरचा गिअर पडला की तुला थांबवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. एकदा दोन दिवसांत घरातले सगळे पडदे, नॅपकिन, माझे रुमाल आणि शेवटी फरशी पुसायचं फडकं, सगळ्याला पिको केलास. बाबा ते फडकं हातात धरून म्हणाले, "हे आता आहेरात द्यायच्या लायकीचं झालं." खालचा गिअर पडला की शटर बंद आणि तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पण बहुतेक दिवस यातलं काहीच नसायचं, हे कुणी लक्षातच घेत नाही. तुझ्या डोक्याच्या डॉक्टरांनी, हा शब्दही तुझाच, सांगितलं होतं की लिथियम म्हणजे एक प्रकारचा क्षारच असतो. तेव्हापासून तू त्या औषधाला मिठाच्या गोळ्या म्हणायचीस, वेळेवर घ्यायचीस, आणि वर्ष-वर्ष कुणाला पत्ता लागायचा नाही. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता, सुईकडे न बघता दोरा ओवायचीस. हे मी मुद्दाम लिहितेय, पुढे लागणार आहे.

मग ती पिवळी कापडी पिशवी, साडीच्या दुकानातली. तिच्यात तुझी फाइल असायची. मी सहावीत असताना तुझं पोट जळत होतं म्हणून आपण तिघं एका पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते आधी छान बोलत होते. "तुम्हाला जेवल्यावर जास्त होतं का? तुम्ही चहा किती घेता?" मग त्यांनी विचारलं की अजून कुठली औषधं चालू आहेत, आणि तू पिशवीतून फाइल काढून दिलीस. त्यांनी पहिलं पान वाचलं, खुर्ची जराशी मागे घेतली आणि बाबांकडे बघून म्हणाले, "ह्या गोळ्या घेतात का वेळेवर? घरी त्रास देतात का?" तू म्हणालीस, "डॉक्टर, मी इथेच बसलेय." ते हसले, बाबांकडे बघूनच. बाहेर आल्यावर तू चप्पल घालता घालता म्हणालीस, "बघितलंस? आत जाताना मी ‘तुम्ही’ होते, बाहेर येताना ‘ह्या’ झाले." आम्ही हसलो. त्या दिवसानंतर पिवळी पिशवी फक्त डोक्याच्या डॉक्टरांकडे जायची. बाकी सगळीकडे तू रिकाम्या हातानं जायचीस.

म्हणूनच गुडघा दुखायला लागला, पायानं मशीन मारून मारून, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी "काही औषधं चालू?" विचारलं आणि तू "नाही" म्हणालीस. मी शेजारी होते, आठवीत होते, मी तुझ्याकडे बघितलं. तू माझा हात दाबलास. रस्त्यात विचारलं तर म्हणालीस, "गुडघा दुखतोय तर गुडघाच बघू दे की त्यांना. डोकं दाखवलं की गुडघा दिसायचा बंद होतो." किती बरोबर बोललीस, आणि त्यातून किती वाईट झालं. त्यांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडायचं कमी झालं आणि ते रक्तात साठत गेलं. हे मला आज एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझ्या सुईत दोरा जाईना. तू ती सुई माझ्याकडे दिलीस. तुझी बोटं थरथरत होती, नेहमीची बारीक थरथर नव्हे, जाड, हलवल्यासारखी. मग उलट्या सुरू झाल्या.

रविवार होता. बाबा खडकीला ड्युटीवर. शेजारच्या काकांनी रिक्षा काढली आणि आपण दोघी हॉस्पिटलात गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही, अशी माणसं सगळीकडे आहेत. तू घाबरली होतीस, कारण या वेळी पिवळी पिशवी तूच बरोबर घेतलीस. कॅज्युअल्टीत सिस्टरनी नाव-गाव लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोठं माणूस कुणी नाही का?" तू खाटेवरून, जीभ जड झालेली तरी, म्हणालीस, "ती इंग्लिश मीडियमला आहे. डॉक्टरांशी तीच बोलेल." मी ताठ उभी राहिले. मला अजून ती माझी मान आठवते, कशी वर गेली होती.

डॉक्टर तरुण होता, आत्ता मी आहे साधारण तेवढा. स्टेथोस्कोप कानाला लावतच होता, तेवढ्यात तू त्याला फाइल दिलीस. त्यानं वाचली. "अच्छा," म्हणाला, आणि स्टेथोस्कोप परत गळ्यात. पोटाला हात नाही, नाडी नाही. मला विचारलं, "झोपतात का? भांडतात का घरात?" मी म्हटलं, "उलट्या होतायत." तो म्हणाला, "ते कळलं गं. असं मधूनमधून होतं का यांना?" तू सगळी ताकद लावून म्हणालीस, "डॉक्टर, सुईत दोरा जाईना." केवढं मोठं लक्षण सांगत होतीस तू, आई! मी आज एखाद्या पेशंटच्या तोंडून हे ऐकलं तर उडी मारून उठेन. तो म्हणाला, "मावशी, चष्म्याचा नंबर वाढला असेल." मग पलीकडच्या टेबलवरच्या डॉक्टरला, "फंक्शनल आहे यार. नोन बायपोलर." केसपेपरवरही तेच लिहिलं, उलटीचं एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, उद्या मानसोपचारच्या ओपीडीला दाखवा.

तू मला विचारलंस, "काय म्हणाले गं?"

आमच्या शाळेत त्याच महिन्यात नवी कॉम्प्युटर लॅब झाली होती आणि दारावर कागद होता, धिस लॅब इज नाऊ फंक्शनल. म्हणजे चालू झाली, पोरांनो, या. मी केसपेपरवरचा शब्द बोटानं दाखवला आणि म्हटलं, "आई, हे बघ, फंक्शनल. म्हणजे सगळं चालू आहे तुझं. काही बिघडलेलं नाही." तू डोळे मिटून हसलीस. "मी चालू आहे हे तुझ्या आजीनं लग्नातच ओळखलं होतं," म्हणालीस. "चल मग घरी." आणि माझ्या खांद्याला धरून, पाय वाकडे टाकत, तू रिक्षापर्यंत आलीस. संध्याकाळी बाबा आले, तेव्हा मीच दार उघडून सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं चालू आहे. बाबांनी डबा ठेवला आणि हुश्श केलं.

सोमवारी सकाळी तुला फिट आली. तुझ्या डोक्याच्या डॉक्टरांनी तुला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्यासाठी कुठल्या गोळ्या घेतायत का?" पाय ओढत चालायची तुझी ढब त्यांनी आधीच हेरली होती. रक्त पाठवलं, धावपळ झाली, पण मूत्रपिंडं तोवर बसली होती. बुधवारी तू गेलीस. मशीनवर एका हिरव्या साडीला अर्धा फॉल लावलेला तसाच होता. ती साडी न्यायला आलेल्या काकू ती तशीच, अर्ध्या फॉलची, घडी करून घेऊन गेल्या.

तिसऱ्या वर्षाला असताना वॉर्डात सर एका खाटेपाशी थांबले आणि म्हणाले, "फंक्शनल हा शब्द जपून वापरा. पुस्तकात त्याला अर्थ आहे. कॅज्युअल्टीत त्याचा अर्थ एकच होतो, याला काही झालेलं नाही, नाटक आहे, घरी पाठवा." सर चांगले होते, ते आम्हाला सावधच करत होते. पण ‘नाटक’वर पोरं हसली, आणि मीही हसले, सवयीनं. वहीत लिहूनही घेतलं. ती वही आहे अजून माझ्याकडे, अक्षर अगदी सुरेख आलंय. हॉस्टेलला परत येईपर्यंत मला काहीच झालं नाही. मग जिन्यात कळलं, की मी तुला काय वाचून दाखवलं होतं.

आता तुला वाटेल, पोरगी शिकली, तिनं असं कधी केलं नसेल. म्हणून गेल्या आठवड्यातलं सांगते. मंगळवार दुपार, कॅज्युअल्टी भरलेली. हडपसरच्या पलीकडच्या गावातली एक बाई, नवरा बरोबर. पोट दुखतंय. मी प्रश्न विचारत होते, नवऱ्यानं फाइल दिली, बायपोलर, दहा वर्षं. आणि आई, माझा हात आपोआप गेला. मी पेपरवर लिहिलं, फंक्शनल, पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकलं की आम्हाला शहाणं वाटतं. नवऱ्यानं तो पेपर उलटा धरून, मग सुलटा धरून, एकेक अक्षर लावत वाचला आणि विचारलं, "मॅडम, ह्ये चांगलं हाय का वाईट?" मी पेनाचं टोपण लावत बसले. खाटेवरची बाई मात्र सगळं ओळखून होती. ती म्हणाली, "बाई, मला डोक्याचं हाय, पण पोट बी हाय की मला."

मी पेपर फाडला. पडदा ओढला आणि पहिल्यापासून तपासलं, पोटाला हात लावून, सावकाश. सगळ्या तपासण्या पाठवल्या, लिथियमची पातळीसुद्धा. सीनिअर म्हणाला, "मॅडम, प्रोफेसर कधी झालात तुम्ही? आम्हाला पेढे नाहीत ते." आणि सगळं नॉर्मल आलं. गॅस होता, आई, साधा गॅस. तिचा जीव मी वाचवला वगैरे काही नाही. जाताना तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हात गरम हाय तुमचा." एवढंच. मी त्या आनंदात दोन दिवसांत बत्तीस स्लाइड केल्या.

राहिली ती तेहेतिसावी. बाबा रिटायर झालेत, दुकानाच्या जागेत बसून पेपर वाचतात. कुणी नवीन भेटलं आणि तुझा विषय निघाला की अजून सांगतात, "त्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं हो, सगळं चालू आहे म्हणून. खोटारडा." मी तिथेच असते. चहाचे कप उचलते. त्या डॉक्टरनं तुला हात लावला नाही, तुझी थट्टा केली, तुला घरी पाठवलं, हे सगळं त्यानंच केलं, आणि त्याला मी माफ केलेलं नाही. पण सगळं चालू आहे, हे तो म्हणालाच नव्हता. ते मी म्हणाले होते. अकरा वर्षं मी माझं वाक्य त्याच्या तोंडी राहू दिलंय. हे पत्र जाणार कुठे, पिवळ्या पिशवीत ठेवीन, तुझ्या फाइलच्या मागे. बाबा ती पिशवी उघडत नाहीत.

आणि तुलाही पूर्ण खरं सांगत नाहीये. त्याच्या आवाजावरून मला कळलं होतं की तो काही चांगलं बोलत नाहीये. ‘फंक्शनल आहे यार’ असं लॅबबद्दल कुणी म्हणत नाही. मी त्याला विचारू शकत होते, याचा अर्थ काय. पण तू नुकतंच सिस्टरना सांगितलं होतंस की ही इंग्लिश मीडियमला आहे.