ढब्बूचं वजन कामी आलं

अहो,

फोन घरीच विसरून गेलात, म्हणून ही चिठ्ठी. ढब्बूला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात चाललेय. घाबरू नका, तो ठणठणीत आहे. सकाळी वरच्या भाऊजींची कुत्री, राणी, गाडीखाली आली. पोटात रक्तस्राव होतोय. डॉक्टर म्हणाले, रक्त द्यायला पंचवीस किलोंच्या वरचा धडधाकट कुत्रा आणा, तरच ऑपरेशन.

जाऊबाई दारात येऊन एवढं सांगून नुसत्या रडत उभ्या राहिल्या. मग मी ढब्बूला उचलून वजनकाट्यावर चढले आणि त्यातून माझं वजन वजा केलं. एकतीस भरला. माझं किती ते विचारू नका. तरी म्हटलं, मी मोजून जेवण घालते, तर हा फुगतो कशानं! कपाटामागचा तुमचा बिस्किटांचा डबा सापडलाय मला. भांडण नंतर. आज त्याच चोरीमुळे राणीला आशा आहे.

भाऊजी खाली गाडीत बसून हॉर्न वाजवताहेत. याच ढब्बूला ते ‘ऐतखाऊ’ म्हणाले म्हणून तुम्ही वर्षभर सख्ख्या भावाशी बोलला नाहीत. आता ते आपल्या दारात यायला धजत नाहीत. ढब्बूला वाटतंय फिरायला निघालोय. सुई दिसली की भोकाड पसरेल, माझ्या एकटीला आवरायचा नाही. लगेच या.

रक्त दिल्यावर त्याला खाऊ लागेल, म्हणून डबा नेतेय. त्यातला एक पुडा टेबलावर ठेवलाय, तो येताना भाऊजींसाठी घेऊन या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. मी चहा पाठवला, तो तसाच परत आला. तुम्ही दिलंत तर नाही म्हणणार नाहीत.