पालकांना बोलावलं होतं

१४ जुलै
आज रिकाम्या वर्गात बसले होते आणि शैला आठवली. कॉलेजचा आमचा पहिला आठवडा. दोघी शेवटच्या बाकावर, मांडीवर तिच्या डब्यातली कांद्याची चटणी, आणि समोर कुणीतरी जमाखर्चाची खाती शिकवतंय. आम्ही बी.ए.च्या! वर्ग चुकलाय हे कळायलाच किती दिवस गेले. विचारणार कुणाला? चरोद्याला घरी परतताना गाडीत हसून हसून तिला उचकी लागली. दिवाळीनंतर शैला आलीच नाही. का, ते अजून ठाऊक नाही.
प्राचार्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सेमिनार आखायला दिलाय. आठवड्यातून एक तास. नोट्स कशा काढायच्या, अडलं तर कुणाकडे जायचं. निवृत्तीआधीचं शेवटचं काम. मनासारखं.

२६ जुलै
पहिला तास. काम दिलं: कुठल्याही एका सरांच्या खोलीत जा, एक प्रश्न विचारून या. रोहिणी दारातूनच परत आली. जामुल गावची, वडील सिमेंट कारखान्यात ठेक्यावर. घरातली पहिलीच कॉलेजात आलेली.
"सर पेपर वाचून राहिले होते मॅडम."
"मग?"
"मंग त्यायचं वाचणं झालं की जाईन ना."
उभी राहिली असती संध्याकाळपर्यंत. मग अचानक, "तुमी मराठी? मले वाटलं तुमी इंग्लिशवाल्या!"
दोन्ही, म्हटलं. इथे कॉलेजात सगळे हिंदीच बोलतात, म्हणून तिला नवल.

१९ ऑगस्ट
रो. आज इतिहासाच्या तासाला उभी राहून म्हणाली, "सर, फिर से बताइए." वर्ग हसला. ती बसली नाही. सरांना पुन्हा सांगावं लागलं. हे सगळं मला जिन्यात धावत येऊन सांगितलं तिनं. आज खूप दिवसांनी घरी येताना गुणगुणत होते.

२ सप्टें.
एक तास पालकांसोबत ठेवावा. कॉलेज म्हणजे काय, हे घरालाही कळलं तर मुलं टिकतील. कल्पना माझीच. तिवारी (नवा आहे, सेमिनारला माझ्या मदतीला) म्हणाला, "ऑफिस से फोन करवा देते हैं मॅडम." बरं, म्हटलं.

११ सप्टें.
वैशाली नगरच्या सुखवस्तू घरांतले आईवडील आले, चहा प्यायले, फोटो काढले. रो.चे वडील दाराशी उभे. धुतलेला शर्ट. खुर्ची दिली, बसेनात.
"पोरीनं काय केलं मॅडम? सरळ सांगा, मी आयकून घेतो."
काही नाही केलं, हुशार आहे, म्हटलं.
"मंग बलावलं कावून? आजची हाजरी गेली माझी."
ऑफिसमधून फोनवर काय सांगितलं होतं ते नंतर कळलं: आपकी लड़की के बारे में बात करनी है, आकर मिलिए.
माझ्या कॉन्व्हेंटात सिस्टर 'उद्या वडिलांना घेऊन ये' म्हणाल्या की काय चुकलं ते रात्रभर आठवत बसायचे. मग मला कसं सुचलं नाही? रो. भिंतीकडे बघत होती. जाताना ते तिच्या पुढे चालले, ती मागे.

१८ सप्टें.
रो. नाही. आठवडा झाला.

२४ सप्टें.
बसनं जामुलला गेले. समजावून सांगू म्हटलं. आई बाहेर आली. "तिचे बाबा म्हंतात, मॅडम चांगल्या हायेत, झाकून राहिल्या. काई तरी असंन." रो. चुलीपाशी, पिठाचे हात. मला बघून तिचा चेहराच पडला.
"मॅडम, तुमी कावून आल्या? आता तं पक्कंच समजतीन ना ते."
चहा केला होता. प्यायले, समजावायचं तसंच ठेवून उठले.  परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं, कहाँ उतरोगी माताजी.

९ ऑक्टो.
प्राचार्य खूश. "मॅडम, पालकवाले फोटो बहुत अच्छे आए हैं. अब हर डिपार्टमेंट करेगा."
सांगितलं त्यांना. एक मुलगी कॉलेज सोडून गेली यामुळे.
"एक तो वैसे भी जाती है."
 इतक्या वर्षांत कुठल्या मुलीला मी खरंच टिकवलं?
झोप नाही. तास घेते, मुलं लिहून घेतात, सगळं कागदासारखं.

३ नोव्हें.
तिची मैत्रीण पूजा, तीही जामुलचीच, म्हणाली रो. घरी पुस्तकं उघडते, वडील कामावर गेल्यावर. परीक्षेचं विचारत होती म्हणे. की पूजा मला बरं वाटावं म्हणून सांगते?

३० नोव्हें.
आज शेवटचा दिवस. शाल, नारळ, भाषण. मी कसली यशस्वी, हे ऐकवेना.
खोली रिकामी केली. तिवारीसाठी हे लिहून ठेवते, उद्या त्याला देईन.
शब्दकोश वाचनालयाला. खिडकीतला मनीप्लांट शिपाई दुलारीबाईला, तीच पाणी घालते. सेमिनारचे सगळे तास तिवारीला; पालकांचा तास मी काढून टाकलाय, तो प्राचार्यांनी मागितला तरी देऊ नये.
रोहिणीचं परीक्षेचं प्रवेशपत्र ऑफिसात पडून आहे. ते पूजाजवळ द्यावं, तिनं घरी जाऊन नाही, पाणी भरायच्या वेळी नळावर, रो.च्याच हातात द्यावं. पहिला पेपर इतिहासाचा, सकाळचा. ती आली तर कुणी काही विचारू नये, इतके दिवस कुठे होतीस म्हणून. बसू द्यावं.
नाही आली, तर तिच्या घरी फोन करू नये.