थोरली बंद होती त्या दिवशी

१० जाने. २००५
नव्या वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. आज दहा तारीख. असो.

शिकवायला हिंगोली ते गोरेगाव, जीपमध्ये कोंबून. लॅब खताच्या दुकानावर, त्यामुळे दिवसभर ओढणीला युरियाचा वास. पोरींनी कॉम्प्युटरना नावं दिलीत: थोरली, मधली, धाकटी. लॅब चालवणाऱ्या सरांनीही तीच नावं मशीनमध्ये घालून टाकली. धडे, चाचणीचे मार्क सगळं थोरलीत. बाकी दोघींवर ब्राउझर उघडायचा, वरच्या पट्टीत इंग्रजीत 'थोरली' टाकायचं, पान हजर. त्याला इंटरनेट लागत नाही. बरंच आहे, फोनची लाईन असते कुठे!

चाचणीत रेखा पहिली. बारावी झालेली, इथलीच. आता कीबोर्डकडे न बघता टाईप करते. पुढच्या महिन्यातली कॉम्प्युटरची परीक्षा पास झाली तर हिंगोलीच्या कॉलेजात घालतो, असं वडलांनी कबूल केलंय. तेवढ्यासाठी मरमर मरते पोरगी.

१९ जाने.
नीट लिहवत नाही.

रेखाचे वडील लॅब बघायला आले होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी. चपला जिन्यात काढल्या. "पोरगी काय शिकून राहिली, बघाव म्हनलं." मला इतका आनंद झाला की चहा सांगितला.

लोडशेडिंग. इन्व्हर्टरवर दोनच चालतात म्हणून सरांनी सकाळी थोरली बंद केलेली. मला सांगायची पद्धत नाहीच. मधलीला फोनची लाईन जोडून स्वतःची मेल बघितली अन् लाईन तशीच सोडून गेले. रेखा बसली मधलीवर.

"दादा, बघा, माजं नाव पैलं हाय." पट्टीत 'थोरली' टाकलं. बघत होती वडलांकडे.

थोरली बंद, म्हणून नाव जवळ सापडेना. मग ब्राउझरनं आपल्या मनानं पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मागे डॉट कॉम लावलं अन् निघाला बाहेर उंडारायला. तिथेही काही नाही, म्हणून कुठल्याशा शोधायच्या पानावर. त्यावर जाहिरात. एक बाई, अंगावर

नाही लिहीत. मागची पोरं फिदीफिदी हसली. मी मॉनिटर बंद केला. वडलांनी चपला घातल्या, उतरले. रेखा मागोमाग. तिची पिशवी इथेच राहिली. चहा मागून आला.

२२ जाने.
रेखा आली नाही. पिशवी द्यायच्या निमित्ताने घरी गेले. ओसरीवर बसवलं, पाणी विचारलं नाही. माझं आडनाव ठाऊक आहे म्हणून, की परवाचा राग म्हणून, कोण जाणे. दोन्ही असेल.

समजावलं. पोरीनं बरोबरच टाईप केलं, मशीन बंद होतं, ब्राउझर स्वतःहून बाहेर गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी म्हनता ते असंल. पन तिनं बोटाकडं बघितलं बी न्हाई. रोजची सवय असल्याबिगर हात असा चालतो का?"

न बघता टाईप करायला मीच तर शिकवलं. महिनाभर बोटांवर रुमाल टाकून. तेच आता तिच्या अंगाशी.

रेखा आतल्या दाराशी उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही.

२७ जाने.
फार विनवण्या केल्या, तेव्हा रेखाचे वडील पुन्हा आले. डोळ्यांदेखत दाखवते म्हटलं होतं. एकटेच आले.

आधी थोरली चालू ठेवून नाव टाकलं. मार्कांचं पान आलं. मग थोरली बंद करून तेच नाव. कोरं पान: दाखवता येत नाही. फोन उचलला, लाईन मेलेली. आजच मरायची होती!

"चित्र न्हाई आलं," ते म्हणाले.
"काका, आज लाईन नाही. त्या दिवशी होती."
"मंग त्या दिवशी काहून होती?"

सर शेजारीच उभे. लाईन मी सोडली होती, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तर म्हणतात, "आता लेकरं काय काय टाईप करतात, आमी कुठं कुठं लक्ष ठेवावं?"

हे खोटं आहे म्हणाले मी, सरांच्या तोंडावर. पण वडील तोवर जिन्यात. सर नंतर म्हणाले, नोकरी करायची असेल तर आवाज खाली. मला त्या माणसाचा किळस आला.

४ फेब्रु.
आजपासून नियम: नाव टाकायचं नाही, थोरलीचा आकड्यांचा पत्ता टाकायचा. आकडे दिले की ब्राउझर अक्कल पाजळत नाही. सापडली तर उघडतो, नाहीतर तिथेच थांबतो. भिंतीवर कागद चिकटवला. बैल गेला नि झोपा केला.

धाकटीवर बसणारी म्हणाली, "मॅडम, रेखाची सोयरीक झाली. कुरुंद्याचं स्थळ हाय."

जीपमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईनं खिडकी दिली.

११ फेब्रु.
हॉलतिकिटं आली. रेखाचंही. सर म्हणाले, थोरलीवरून तिचं नाव काढा, नव्या पोरी विचारतात. हो म्हटलं. काढलं नाही.

१८ फेब्रु.
दुपारी रेखाचे वडील. हातात हळदकुंकू लावलेली पत्रिका. मला अन् सरांना एकच. लग्न पुढच्या आठवड्यात.

देऊन झाली तरी जाईनात. मग म्हणाले, "ते नाव... हाय का अजून?"

थोरली चालूच होती. मी आकडे टाकले. पान आलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. "कोनतं?" मी बोट ठेवलं. ते वाकून बघत राहिले.

"पैलंच?"
"हो, काका."
"परीक्षा कवा हाय?"
"उद्या. दहाला. इथंच."

मी खणातून हॉलतिकीट काढून दिलं. त्यांनी फोटोकडे बघितलं, घडी केली, टोपी काढून टोपीत ठेवलं, टोपी घातली. तिला द्यायला नेलं की फाडायला, ते मला विचारवलं नाही.

उद्या मधलीवर दुसऱ्या कुणाला बसवणार नाही.