दुखवट्याचं कार्ड

कोल्हापूर, माघ १९५३. गुरुवार.

आज शंकरअण्णा पेंटर घरी आले होते. त्यांनी काढलेल्या सिनेमाच्या जाहिराती, उदबत्तीची लेबलं, लग्नपत्रिका मी मिळेल तिथून जमवतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चपला काढता काढताच म्हणाले, "मास्तर, बघू की तुमचा खजिना!"

हे सगळं चिकटवलेली वही उघडली. म्हातारा खूश. गुळाच्या लेबलावर मोठ्यानं हसले, "ह्यो बैल पेढीवाल्या शेटजीगत दिसतोय, व्हय का न्हाय?"

आणि मग ते पान आलं. त्यांच्या बायकोच्या निधनाचं कार्ड. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, तेव्हा अण्णांनी त्यावरची अक्षरं स्वतः काढून छापायला दिली होती. असलं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी ते डिंकानं चिकटवलं, तेही लग्नपत्रिकांच्या शेजारी! काय म्हणावं मला? कार्ड आलं तेव्हा वहिनी आठवल्याच नाहीत. 'सौ.'च्या मात्रा काय झोकात वळवल्यात, एवढंच दिसलं.

अण्णांनी कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "फाडलं न्हाय व्हय?"

"राहून गेलं," मी म्हणालो. खोटं.

"मग आता फाडा."

कार्ड सोडवलं. फाडलंही. पण हात आपोआप कडेला गेला, काळ्या चौकटीवर. 'सौ.'ला धक्का लागू दिला नाही.

अण्णांनी ते पाहिलं. चहाही घेतला नाही. चपला घालताना एवढंच म्हणाले, "अक्षर झ्याक आलंय, न्हाय मास्तर?"