भावोजींचा तास

दि. ४ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार आणि थोडी धास्तीही.

वि. वि. फोनवर आपलं भांडण होतं म्हणून पत्र. माझी संगीत वाहिनी सुरू झाली. छापखान्यावरची एक खोली, तीन माणसं, दोन कॅमेरे. गाणी दिवसभर लावतो, पण गाण्यांबद्दल बोलणारं कुणी नाही. भावोजींना रोज संध्याकाळी सहा ते सात पाठवशील का? तुमच्याकडून बसने अर्धा तास. घड्याळं दुरुस्त करता करता गिऱ्हाइकांना ते जुन्या गाण्यांची कुळकथा ऐकवतात, तीच इथे सांगायची. रेकॉर्डीही त्यांच्याच लागतील. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भोंगा

दि. २० एप्रिल

चि. भोंग्यास, मनात नसताना आशीर्वाद.

यांना तुझ्याकडे पाठवलं ते तासाभराच्या बोलीवर. आता माणूस पार हातचा गेला. चार वाजल्यापासून आरशासमोर. दुकानात लोक चालू घड्याळं घेऊन येतात आणि अमक्या गाण्यात बासरी कुणी वाजवली ते विचारतात. काल डॉक्टरांनी माझा गुडघा बघायच्या आधी हा कार्यक्रम आठपर्यंत का नाही, याची चौकशी केली. परवा तर स्वयंपाकघरात यांनी मला ‘रसिकहो’ म्हणून हाक मारली. या सगळ्याला जबाबदार तू. लग्नाला एकतीस वर्षं झाली; हा माणूस एवढा बोलतो हे मला टीव्हीवर कळलं.

माया आहे, पण ताणू नकोस.

तुझी,
ताई

दि. १६ नोव्हेंबर

ती. ताईस, शिरसाष्टांग.

वि. वि. मोठ्या वाहिन्या आल्या, चोवीस तास नाचगाणी. केबलवाल्याने आम्हाला पाच नंबरवरून एकोणनव्वदवर ढकललं. जाहिरातवाले म्हणतात, तरुणांसाठी काहीतरी करा. त्यामुळे सोमवारपासून सहा ते सात फर्माइशी नाचगाणी. भावोजींना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू सांग, तुझ्या तोंडून ऐकलं तर कमी लागेल. एवढं कर, मग हवी तेवढी बोल मला.

तुझा,
भोंगा

दि. २१ नोव्हेंबर

भोंग्या, आशीर्वाद पुढच्या पत्रात.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून, रेकॉर्डींची पिशवी घेऊन निघाले होते. मी सहाला टीव्ही लावला, तर यांच्या खुर्चीत केस हिरवे केलेली मुलगी. तू जिन्यात यांना पाहिलंस आणि उलट्या पावली वर गेलास, हे तुझ्या कॅमेरावाल्याने फोन करून सांगितलं. हे तासभर खाली बाकावर बसून राहिले, असंही त्यानेच सांगितलं. लवकर परतले असते तर मी विचारलं असतं ना. नेहमीच्या बसने घरी आले आणि म्हणाले, कार्यक्रम झाला एकदाचा. मी म्हटलं, हो, छान झाला. एकतीस वर्षांत यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तुझ्यापायी. जिना उतरायला तुला एवढं काय जड गेलं?

ताई

दि. १ एप्रिल

ती. ताईस, कोणत्या तोंडाने नमस्कार करू?

वि. वि. वाहिनी काल बंद झाली. नाचगाण्यांनीही तगली नाही. परवा मी तुला न सांगता दुकानात गेलो आणि भावोजींना म्हटलं, शेवटचा तास तुमचा. त्यांनी हातातल्या घड्याळाचं झाकण लावलं आणि किती वाजता यायचं, एवढंच विचारलं. काल कॅमेऱ्यासमोर नेहमीसारखे बोलले. मी वागलो त्याबद्दल चकार शब्द नाही. शेवटची रेकॉर्ड लागली आणि दुसरं कडवं चालू असताना, सात वाजले म्हणून केबलवाल्याने आम्हाला बंद केलं. मी सुई उचलायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. गाणं संपेपर्यंत दोघंच ऐकत बसलो. ते चालू असतानाच मी माफी मागितली. गाणं संपल्यावर त्यांनी रेकॉर्ड पिशवीत घातली आणि बस गाठली. घरी काही म्हणाले का, तेवढं कळव.

तुझाच,
भोंगा

दि. ६ एप्रिल

चि. भोंग्यास, मागचे-पुढचे सगळे आशीर्वाद.

म्हणाले. माफी मागितलीस, पण ऐन कडव्यात, त्यामुळे नीट ऐकू आली नाही. तुला वेळेचं भान लहानपणापासून नाही. रविवारी घरी ये आणि गाणं चालू नसताना माग.

मीही यांना त्या सोमवारचं खरं सांगितलं. हे म्हणाले, तेव्हाच कळलं होतं. त्याआधी दहा महिन्यांत कार्यक्रमाला मी एकदाही छान म्हटलं नव्हतं.

मग मी यांना ‘छान होता कार्यक्रम’ म्हटलं, समोर बसून, नीट.

तुझी,
ताई